बिनव्याजी पैसे

देवरीच्या बसस्टँडमागे वीरेंद्र आणि चंद्रकांता राहत. तो पिकअप चालवायचा, ती ब्लाउज शिवायची. कोहमाऱ्याजवळ पिकअप उलटली, वीरेंद्रचा पाय मोडला आणि वर्षभरात घरावर चार कर्जं चढली. गाडीचं, महिला गटाचं, मोबाइलमधल्या अ‍ॅपचं, आणि चौथं शेजारच्या जमुनाबाईचं. ऑपरेशनच्या दिवशी ती फडक्यात बांधलेले तीस हजार घेऊन दवाखान्यात आली होती. मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचून, मुलगी दुर्गाच्या शिक्षणासाठी जमवलेले.

चंद्रकांता सगळ्यांना थोडं थोडं देत राहिली आणि कुणाचंच फिटेना. शेवटी तिने भावाला बोलावलं. हिमांशु गोंदियाला पतसंस्थेत कारकून होता.

"ताई, असं चिल्लर वाटून काही होणार नाही," सगळं ऐकून तो म्हणाला. "गाडीचा अन् गटाचा हप्ता चुकवू नको. वर जे उरंल ते सगळं अ‍ॅपवाल्यायले टाक. त्यायचंच व्याज सर्वात जास्त हाय. ते संपलं का मंग दुसरं."

"अन् जमुनाबाईचं?"

"तिचं व्याज किती?"

"व्याज कायचं? तिनं तसेच देल्ले."

"मंग ते शेवटी."

तो गेल्यावर चंद्रकांता नवऱ्याला म्हणाली, "तिचं आधी देऊन टाकू. पोरीचे पैसे हायेत ते."

"तिनं मांगले काय?" वीरेंद्र खेकसला. "अ‍ॅपवाले तुह्या गिऱ्हाइकांले फोन करून राहिले. मले चोर म्हणून राहिले. त्यायचं तोंड बंद कर आधी."

ते खोटं नव्हतं. तिने ऐकलं. लग्नसराईत ती मशीनवरून उठलीच नाही. मंगळसूत्रातलं सोनं विकून काळे मणी तेवढे दोऱ्यात ओवले. जुलैत अ‍ॅपचं कर्ज संपलं, फोन थांबले. त्या दिवशी वीरेंद्र कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवला.

पुढच्याच महिन्यात जमुनाबाई आली, उंबऱ्यावरच बसली.

"दुर्गाचं नाव नर्सिंगच्या यादीत लागलं, बाई. गोंदियाले. शुक्रवारपर्यंत फी भरा लागते. नाही तं मी मांगले नसते."

"भेटन तुले," चंद्रकांता म्हणाली. "शुक्रवारच्या आधी भेटन."

घरात किराण्यापुरतेही नव्हते. हिमांशुने आपल्या घराचे हप्ते सांगितले. गटाच्या बायका म्हणाल्या, जुनं फिटल्याशिवाय नवं नाही. गुरुवारी तिने अ‍ॅप पुन्हा उघडलं. जुनं फेडलं म्हणून त्यांनी आता जास्त पैसे देऊ केले होते. वीरेंद्र समोर बसून बघत होता.

पैसे लगेच येतील असं लिहिलं होतं. शुक्रवार गेला. आले ते शनिवारी सकाळी, तेही बरेच कापून. चंद्रकांताने ते काढून पाकिटात घालून जमुनाबाईला दिले आणि दुर्गाला घेऊन तिघी मिळेल त्या बसने गोंदियाला गेल्या. कॉलेजच्या खिडकीतल्या माणसाने दुर्गाचा कागद पाहिला आणि परत सरकवला. जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली होती.

परतीच्या बसमध्ये जमुनाबाईने पैशांचं पाकीट चंद्रकांताच्या मांडीवर ठेवलं. "वापस करून टाक. तुले व्याज लागून राहिलं असंल."

"नाही, बाय. तुहे हायेत."

"आता मी काय करू याचं?"

चंद्रकांताने पाकीट तिच्या पिशवीत कोंबलं. दुर्गा खिडकीबाहेर पाहत होती.

दिवाळीआधी दुर्गा रायपूरला एका कपड्याच्या दुकानात कामाला निघाली. चंद्रकांताने तिच्यासाठी दोन कुर्ते शिवले आणि बसस्टँडवर नेऊन दिले. दुर्गाने ते उलगडून पाहिले, नीट घडी घालून बॅगेत ठेवले. मग विचारलं, "काकू, शिलाईचे किती झाले?"

बस निघून गेली तरी चंद्रकांता तिथेच उभी होती.