उजवीकडची वाट

खट्. किटलीचा खटका वर उडाला आणि दुपारची शांतता मोडली. आतल्या खोलीत चार वर्षांची आनाहेरा कूस बदलून पुन्हा झोपी गेली. तिच्या आईने, हुइयाने, चहाचा कप माझ्या शेजारी ठेवला, दोन्ही तळवे पँटला पुसले आणि मला हाताखाली घेतलं.

मी एक जुना माउस आहे, मित्रांनो. शेपटीसारखी वायर असलेला, काळा. माझ्या पाठीचा रंग उडाला आहे आणि डावं बटण दाबलं की म्हाताऱ्याच्या गुडघ्यासारखं वाजतं.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात हजार भावंडांबरोबर झाला. टे पुके गावच्या किवी पॅकिंगच्या कचेरीत मी सहा वर्षं फळांच्या पेट्या मोजल्या. "हा कधी अडत नाही," असं कारकून कौतुकाने म्हणायचा. मग बिनवायरचे नवे माउस आले आणि आम्हा जुन्यांची रवानगी 'ज्याला हवं त्याने न्यावं' असं लिहिलेल्या खोक्यात झाली. महिनाभर आमच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. शेवटी पट्ट्यावर फळं निवडणारी एक मुलगी आली. सातवा महिना होता तिला. तिने मला उचललं आणि पोटावर ठेवून घरी नेलं. ती हुइया.

आनाहेरा झाली आणि हुइयाचं फळी घेऊन लाटांवर जाणं सुटलं, मैत्रिणी पांगल्या. तिची स्वतःची अशी एकच गोष्ट उरली, मुलगी झोपते तो दुपारचा तास. त्या तासात ती संगणकावर पोकर खेळायची, खऱ्या पैशांचा. पडद्यावरच्या टेबलाभोवती सहा अनोळखी माणसं बसतात. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात, पाच पत्ते मध्ये सगळ्यांसाठी उघडत जातात. ज्याने पत्ते टाकून दिले, त्याच्याकडे काय होतं ते कधीच कुणाला दिसत नाही.

यासाठी तिने हंगामाच्या कमाईतले चारशे डॉलर बाजूला काढले होते आणि रोइमाता मावशीला शब्द दिला होता. हे संपले की खेळ बंद, खातं बंद. मावशी शेजारीच राहायची आणि दुपारी कपड्यांच्या घड्या घालायला यायची.

त्या दिवशी शंभर डॉलर उरले होते. ते गेले असते तर हुइयाचा तास गेला असता आणि मी विझलेल्या बॅटऱ्यांबरोबर खणात गेलो असतो.

मला पडदा दिसत नाही, मित्रांनो. माझा डोळा पोटाखाली आहे, त्याला फक्त टेबलावरचं फुलाफुलांचं मेणकापड दिसतं. पण डाव मला हातावरून कळतो, आणि पडद्यावरचं हुइया पुटपुटत वाचते त्यावरून. डावीकडे नेलं की पत्ते टाकले. मध्ये नेलं की दुसऱ्याने लावले तेवढेच आपण लावले. उजवीकडे नेलं की वाढवले. हुइया मला उजवीकडे क्वचितच न्यायची, एक्का-राजा आला तरच.

आदल्याच दिवशी मेणकापड पुसता पुसता मावशी म्हणाली होती, "पोरी, इथली फुलं दोनच जागी झिजलीत गं. उजवीकडची कशी कोरी करकरीत."

हुइया वाकून बघत राहिली. "तूच शिकवलंस, मावशी. घरच्या टेबलावर कुणाला रेटायचं नाही. सगळ्यांना शेवटपर्यंत बसू द्यायचं."

"ते घरच्यांसाठी. ही माणसं काय आपल्या लग्नाला जेवायला येणारेत?"

हीच तिची चूक होती. एकाच रंगाची, लागोपाठची छोटी पानं आली, की ती आदबीने मध्येच थांबायची. अशी पानं एकटी काहीच नसतात. त्याच रंगाची किंवा ओळीतली भावंडं मिळून पाच झाली तर राजालाही खाली बसवतात, पण ती येतात क्वचित. नुसती वाट बघणारा बहुतेक वेळा शेवटी डावीकडेच जातो. आणि उजवीकडे गेलीच, तर पलीकडच्यांना लगेच कळायचं की हिच्याकडे मोठी पानं आहेत.

त्या दुपारी तिला बदामाची सत्ती-अठ्ठी आली. बोलायची पाळी सगळ्यांच्या शेवटी होती, ते सोयीचं होतं. पलीकडे 'गंजका नांगर' नावाने खेळणाऱ्याने तीन लावले. सवयीने मी मध्याकडे निघालो. हुइयाचा हात थबकला आणि मला उजवीकडे घेऊन गेला. दहा.

नांगरानेही दहा केले. मध्ये बदामाचा राजा, बदामाची दुर्री आणि किलवरची छक्की उघडली. नांगराने काही लावलं नाही. पुन्हा उजवीकडे, अठरा. त्यानेही तेवढेच लावले. चौथं पान इस्पिकची पंजी.

"काय मिळालं?" मागून मावशी.

"काही नाही. कुठलाही बदाम यायला हवा, नाहीतर चौका, नाहीतर नव्वी."

"मग थांब की."

"थांबले तर ते पान आलं तरच जिंकीन. वाढवले तर तो घाबरला तरी जिंकीन, आणि नाही घाबरला तरी पान यायची आशा आहेच."

तिचा तळवा माझ्या पाठीवर ओला झाला होता. उरलेले सगळे, बहात्तर डॉलर, तिने पुढे सरकवले. माझं बटण करकरलं.

मावशीच्या हातातला टॉवेल अर्धवट घडीत तसाच.

नांगराने पत्ते टाकले.

हुइया इतकी हसली की कपातला चहा माझ्या वायरीवर सांडला. अर्ध्या तासाने तिला किलवरची पंजी-छक्की आली. तीही तिने तशीच रेटली. चिडलेल्या नांगराला वाटलं असावं, ही नुसती घाबरवतेय. त्याने सगळे लावले. या वेळी मात्र मध्ये तीन किलवर येऊन बसले होते. शंभराचे पावणेतीनशे झाले, तीन वाजले आणि ठरल्याप्रमाणे तिने टेबल सोडलं. तास वाचला. मीही वाचलो.

मित्रांनो, मला जिंकवणारा कुणी नवा माउस नव्हता. झिजलेलं बटण आणि छोटी पानं, एवढ्यावरच आम्ही जिंकलो. तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूला खोक्यात टाकण्याआधी एकदा ओल्या फडक्याने पुसून बघा. आणि तुमच्या हातात छोटं काही आलं, तर ते नुसतं धरून बसू नका. गमावलं तरी चालेल तेवढंच लावा, पण लावाल ते हात न आखडता.

हुइया माझी वायर पुसत होती तेवढ्यात आनाहेरा डोळे चोळत आली. मावशीने तिला मांडीवर घेतलं. "तुझ्या आईकडे काही म्हणता काही नव्हतं बरं का. तरी समोरच्याने पत्ते टाकून दिले."

आनाहेराने थोडा विचार केला. मग आईकडे बघून म्हणाली, "आणि त्याच्याकडे काय होतं?"