पेढा खाल्लेलं झाकण

मी एक झाकण. पेट्रोलच्या टाकीवरचं, बाहेरून दिसणारं, तळहाताहून थोडं मोठं आणि पांढरं. माझ्या आत एक बूच असतं, ते फिरवावं तरी लागतं. मला तेवढेही कष्ट नाहीत. उघडायचं आणि मिटायचं, संपलं काम. पण तेवढंसं काम एकदा अडलं, तेव्हा माणसांचं शहाणपण मला अगदी जवळून बघायला मिळालं. फार काही नव्हतं बघण्यासारखं.

भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये पत्र्यावर एक ठोका बसला आणि मी जन्मलो. रंग लागला, चाकणला गाडीवर बसलो आणि कुरुळीच्या कुलदीपच्या दारात येऊन उभा राहिलो. घरात कुलदीप, त्याचा धाकटा भाऊ सुरज, आई गवराबाई आणि बायको अनिता. तिघं कामाला जातात. इकडे कुणाला विचारा, "कुठं असता?" उत्तर एकच, "कंपनीत." पुढे काय करता, ते कोणी विचारत नाही. दोघं भाऊ मात्र न विचारता सांगतात. कुलदीप स्टोअरमध्ये खोकी मोजतो, सुरज फोर्कलिफ्ट चालवतो. पण गप्पा अशा, की जणू आख्खी गाडी या दोघांनीच बनवली. अनिता काही सांगत नाही.

माझी रचना सोपी आहे. ड्रायव्हरच्या सीटशेजारी एक खटका असतो. तो ओढला की तार ताणते, टक् वाजतं, खिटी मागे सरते आणि एक लहान स्प्रिंग मला बाहेर ढकलते. एवढंच. हे समजायला डोकं लागत नाही, पण कान लागतात. आणि या घरात कान वापरायची पद्धत नाही.

दसऱ्याला सुरजने गाडी धुतली तेव्हा मला उघडंच ठेवलं होतं. पूजा झाली, हार घातला, बॉनेटवर हळदीकुंकू लागलं. सगळे आत जेवायला गेल्यावर गवराबाई एकट्या माझ्याजवळ आल्या, इकडे-तिकडे बघितलं, आणि एक मोठा पेढा माझ्या आत, अगदी खिटीजवळ कोंबला. वरून मला दाबून बंद केलं आणि हात जोडले. मला ओरडायची सोय नाही, नाहीतर तेव्हाच ओरडलो असतो.

टाकी भरलेली होती. पंधरा दिवस मला कोणी हात लावला नाही. आत पेढा वाळला, साखर दगडासारखी झाली आणि मी जागेवरच चिकटलो.

मग अनिताच्या परीक्षेचा दिवस उगवला. अकरा वाजता मोशीला, आरटीओत गाडी चालवून दाखवायची होती. तिच्या शिकाऊ लायसन्सची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. सहा महिने ती शिकली होती, कारण सेकंड शिफ्ट सुटल्यावर फाट्यावर उभं राहून कुलदीपची वाट बघण्याचा तिला कंटाळा आला होता. तो कधी पाच मिनिटांत येई, कधी जेवून येई.

नऊ वाजता कुलदीपने काटा बघितला. तो तळाला. जवळच्या पंपापर्यंत जाता आलं असतं, पण पेट्रोल घालायला मी उघडायला हवा ना! खटका ओढला. टक् वाजलं. मी जागचा हललो नाही.

"केबल तुटली," कुलदीप म्हणाला.

"केबल न्हाई दादा, स्प्रिंग गेली," सुरज म्हणाला. "आमच्या कंपनीत असलं रोज बघतो मी."

शेजारचा बाळू दात घासत आला. "राव, एक बुक्की हाणा. आपोआप उघडंल."

बुक्की हाणली. मी आणखी घट्ट बसलो. मग बाळूने स्क्रूड्रायव्हर आणला आणि माझ्या कडेत घुसवला. तीन माणसं, तिघं गाड्यांच्या गावात वाढलेली, आणि हत्यार कसलं, तर पत्र्याला खड्डा पाडणारं!

अनिताने मागून विचारलं, "खटका ओढल्यावर टक् वाजतंय का?"

"तू चहा ठेव," कुलदीप म्हणाला.

साडेनऊ झाले. माझा रंग उडाला, पत्रा वाकला. कुलदीपने कपाळ पुसलं. "जाऊ दे मोशीचं. पुढच्या महिन्यात परत शिकाऊ काढू. घाई काय आहे?" त्याच्या आवाजात वाईट वाटण्यापेक्षा हायसं वाटणंच जास्त होतं. मी एवढ्या जवळ होतो, माझी चूक होणार नाही.

अनिता चहा ठेवायला गेली नव्हती. ती उकिडवी बसून चाकावरून माझ्यापर्यंत चढणारी मुंग्यांची रांग बघत होती. तिघांच्या पायाशी ती रांग अर्धा तास चालू होती. मग तिने माझ्या फटीला नाक लावलं.

"वेलची," ती म्हणाली. "आत्या, दसऱ्याला गाडीचा पेढा कुठं ठेवलात?"

गवराबाईंनी पदर तोंडाला लावला. "म्या तिच्या तोंडात भरवला. तुमी समदी ग्वाड खाता, आन् तिनं नुसता हार बघायचा व्हय?"

"आई!" कुलदीप ओरडला.

"वरडू नगंस. मगाच सांगणार व्हते, पर तू कुणाचं ऐकतोस व्हय?"

अनिताने गरम पाण्यात फडकं बुडवून माझ्या कडेला धरलं. असं चार वेळा. मग म्हणाली, "आत्या, पुढं बसा. हा खटका ओढून धरा, सोडू नका." आणि तळव्याने मला आत दाबून सोडलं. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा मी उघडलो. आत मुंग्यांची जत्रा होती. तिने जुन्या टूथब्रशने साखर काढली, कोरडं केलं आणि खिटीला शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले.

"वहिनी, तुला कसं काय कळलं?" सुरजने विचारलं.

"कंपनीत हेच करते की. पाळीला तीनशे झाकणं बसवते."

"कवापासून?"

"चार वर्षं झाली."

बाळूने तोंडातला ब्रश काढला आणि घरी गेला.

पंपावर अनिता गाडी घेऊन आली, कुलदीप शेजारी बसला होता. पंपावरचा माणूस सवयीने त्याच्या खिडकीशी वाकला. "दादा, झाकण उघडा." कुलदीपचा हात आपोआप सीटखाली गेला, चाचपडला. तिथे खटका नव्हताच. तो अनिताच्या बाजूला होता. तिने ओढला. टक्.

मोशीला ती पास झाली. आता फाट्यावर कोणी उभं राहत नाही.

माझ्या कडेला स्क्रूड्रायव्हरचा खड्डा अजून आहे. पाहुण्यांना कुलदीप सांगतो, "पार जाम झालं होतं, पण उघडलं आम्ही." मी त्याला खोटं पाडू शकत नाही. विनंती मात्र करतो. पुढच्या दसऱ्याला पेढा बॉनेटवर ठेवा, मला भूक लागत नाही. आणि काही अडलं तर हत्यार आणण्याआधी घरात विचारा, तुम्ही कंपनीत नक्की काय करता म्हणून.

अनिताने खटका ओढला की मी एका टक्-मध्ये उघडतो. कुलदीपला मात्र दोनदा ओढायला लावतो.