बंडीची चाकोरी, रेंगीची चाकोरी

कलाबाईची जीप बैल न जुंपता कोसमटोल्याच्या मंडईला पोचली, तर खुशाल रामटेकेच्या पदरात काय पडणार होतं? बॉनेटवर नाव. ‘बांधणारा : खुशाल मिस्त्री, मूल.’ एवढ्याशा नावासाठी अख्खा पावसाळा गाडीखाली उताणं पडायचं, हे कोणाला पटणार नाही. पण मूल गावच्या बाजारात त्याला अजून सगळे पंक्चरवालाच म्हणत. नाव लागलं तर मिस्त्री, नाही लागलं तर जन्मभर ट्यूब आणि पाण्याचं घमेलं.

अट कलाबाईची. भांड्यांचा धंदा करणारी ही बाई पाण्याचा पितळी गुंड बोटानं वाजवून त्याचं वजन सांगायची, आणि माणसांचंही तसंच. ती म्हणाली होती, “बैलानं ओढली त बैलवाल्याचं नाव टाकीन, खुशालभाऊ. मेहनत ज्याची, नाव त्याचं.”

दिवाळीनंतर गडचिरोलीच्या आतल्या गावांत मंडई भरतात, म्हणजे जत्राच. गिट्टीची सडक संपली की पुढे बैलगाड्यांनी पाडलेली वाट. पावसाळ्यात रुतलेल्या चाकांच्या दोन खोल चाकोऱ्या, दिवाळीपर्यंत दगडासारख्या वाळलेल्या. साध्या जीपचं एक चाक चाकोरीत उतरतं, दुसरं वर राहतं. गाडी कलंडते, अॅक्सलच्या मधला गिअरचा गोळा चाकोऱ्यांमधल्या वरंब्यावर बसतो आणि बैल बोलवावे लागतात. खुशालनं गृहीत धरलं, की जीप अरुंद पडते म्हणून हे होतं.

पुढे त्यानं जी अक्कल चालवली तिला दाद द्यावीच लागेल. लिलावात निघालेल्या एका मोठ्या फौजी गाडीचे रुंद अॅक्सल त्यानं नागपूरच्या भंगारातून आणले. टायर उंच घेतले, म्हणजे गोळा वर राहील. चंद्रपूरचा टायरवाला रुंद, गुबगुबीत टायर गळ्यात मारू पाहत होता. “रुबाब त पाहा!” म्हणे.

“रुबाब चाकोरीत मावत नाई, शेठ,” म्हणून हा अरुंदच घेऊन आला.

उंच टायर लावले की गाडी पळते जास्त, ओढते कमी. म्हणून त्यानं गोळ्यात जास्त दातांचं क्राऊन, म्हणजे मोठं दातेरी चक्र, बसवलं, मागे आणि पुढे अगदी सारखं. नाहीतर पुढची चाकं एक म्हणतात, मागची दुसरंच, आणि दोघांच्या भांडणात मोडतो मधला शाफ्ट.

मंडईच्या दिवशी सकाळी गुंड, गंज, पराती भरून जीप निघाली. कलाबाई शेजारी बसली होती. गिट्टी संपेपर्यंत खुशाल शीळ घालत होता. पहिल्याच चाकोरीत डावं चाक उतरलं आणि उजवं बाहेरच राहिलं. मागे पराती खणाणल्या.

खुशाल खाली उतरला. दोन चाकोऱ्यांवर हात पसरून पाहिले, आणि हात जसजसे जवळ आणावे लागले तसतसा त्याचा चेहरा पडत गेला. त्यानं माप घेतलं होतं मूलच्या बाजारात धान आणणाऱ्या बंड्यांचं, म्हणजे मोठ्या बैलगाड्यांचं, दोरी लावून, एकेका बंडीचं. पण इथे बंडी चालतच नव्हती. इथली गाडी म्हणजे रेंगी. हलकी, झाडाझाडांतून निसटणारी, बंडीहून चांगली दीड वीत अरुंद. साधी जीप या वाटेला थोडी रुंद पडत होती. खुशालनं ती आणखी रुंद करून आणली होती.

“काय झालं?” कलाबाईनं वरूनच विचारलं.

“माप चुकलं, बाई. मी बंडीचं घेतलं.”

“मंग मले काऊन नाई विचारलं? माहे भांडे आतापर्यंत रेंगीतच येत होते ना!”

मोहाच्या झाडाखाली लालसू बैलजोडी घेऊन बसलाच होता. मंडईची प्रत्येक जीप इथेच फसते आणि प्रत्येक जीपमागे तंबाखू मिळते, हे त्याला पक्कं ठाऊक. “जोहार. लावू का बैल?”

“थांब ना, दादा. अजून मेली नाई गाडी.”

खुशालनं जीप मागे घेतली, चाकोरीतून काढली, पुन्हा उतरून पाहिलं. आणि हसला. आता दोन्ही चाकं दोन्ही चाकोऱ्यांच्या बाहेर, काठांवर उभी होती. थोडी चुकली असती तर अडकली असती. भरपूर चुकली म्हणून वाचत होती.

मग त्या काठांवरून, सगळ्यात हळू गिअरमध्ये, जीप मुंगीसारखी निघाली. गुबगुबीत टायर असते तर काठ खचून चाकं आत गेली असती. अरुंद टायर काठावर नेमके मावत होते. मधला वरंबा गोळ्याखालून मुकाट जात होता. दोन सागांच्या मधून निघताना दोन्ही बाजूंचा रंग खरवडला.

“नवा रंग होता, भाऊ!”

“रंग जाऊ द्या बाई, बोलू नका आता.”

लालसू बैल घेऊन मागेमागे, दोर हातात धरून, आशेनं चालत होता. एकदा मागचं चाक काठावरून घसरलं तसा तो धावलाच. खुशालनं स्टिअरिंग सोडलं नाही, घाईही केली नाही. जास्त दातांच्या त्या क्राऊननं चाक हळूच पुन्हा काठावर चढवलं.

मंडईत दंडारीच्या खेळाच्या मांडवाचे खांब अजून रोवत होते. दुसरा एकही भांडेवाला पोचला नव्हता. कलाबाईनं जीपवरूनच पहिली परात विकली आणि म्हणाली, “नाव तुयं, मिस्त्री.”

मिस्त्री! खुशालनं तो शब्द तिला पुन्हा म्हणायला लावला.

मूलला आल्यावर ठरल्याप्रमाणे नाव पडलं. त्याच्या वर, दुप्पट मोठ्या अक्षरांत, ‘कलाबाई भांडेवाली’ पडलं. बाईनं कबूल केलं होतं नाव, रंगाचा खर्च नव्हे. तेव्हा दोन्ही नावांचा रंग खुशालनं भरला, खरवडल्या बाजूंचाही त्यानंच भरला, आणि मंडईतून रिकाम्या हातांनी परतणाऱ्या लालसूला दिलेली तंबाखूही खुशालच्याच डबीतली होती.