घुबड आणि आई

वासंतीबाईंनी चहा गाळता गाळता निकाल सांगितला.

"दिवस वाटूच नका म्हणावं, तास वाटा. शालिग्रामची भाजी आहे, तिला रोज थोडं थोडं पाणी लागतं. भावाचा गहू आहे, त्याला एकदाच पण भरपूर लागतं. विजेची लाइन आली की पहिले दोन तास भाजीला, मग लाइन जाईपर्यंत गव्हाला."

शरच्चंद्र सर ओट्याशी उभे होते. त्यांनी मान डोलावली आणि कपासाठी हात पुढे केला. कप मिळाला नाही.

"आणि हे शालिग्रामनं स्वतः बोलायचं नाही. तो बोलला की मोठा भाऊ मोडता घालणार. त्यांच्या आईनं मोठ्याला जेवायला वाढताना नुसतं विचारायचं, की भाजीला रोज पाणी लागतं तरी किती? पुढचं तोच बोलेल. गोष्ट आपल्या डोक्यातून निघाली असं वाटलं की माणूस ती मोडत नाही."

आता कप मिळाला. सर तो घेऊन बाहेर व्हरांड्यात गेले. तिथं शालिग्राम मेथीच्या जुड्या पायाशी ठेवून बसला होता. दोघा भावांत एक विहीर, एक मोटर, आणि महिनाभर बोलणं बंद. काल संध्याकाळी त्यानं सगळं गाऱ्हाणं ऐकवलं होतं आणि सर नेहमीप्रमाणे "उद्या सांगतो" म्हणाले होते. सरांचं 'उद्या सांगतो' चिखलीत प्रसिद्ध होतं. वाटणी असो, सोयरीक असो, सर कधी घाईनं बोलत नाहीत, रात्रभर विचार करतात, असं लोक कौतुकानं सांगत.

"रात्रभर विचार केला, शालिग्राम," सर म्हणाले. मग दिवस, तास, भाजी, गहू आणि आई, सगळं त्याच क्रमानं आलं. फक्त आवाज भारदस्त होता.

"हे बराबर हाय, सर," शालिग्राम म्हणाला. "मले काऊन नाही सुचलं हे? तुमच्या डोक्याले जवाब नाही."

स्वयंपाकघराच्या दारात इरा केस पुसत उभी होती. तिला दोन्ही ऐकू आलं होतं, आतलं आणि बाहेरचं. लहानपणी तिला वाटायचं की सगळ्यांचेच बाबा अक्कल आणायला असे आत जाऊन येतात. आता ती न्यायाधीशाच्या परीक्षेत निवडली गेली होती. त्या अभ्यासाचा एक तोटा असा की घरातही पुरावा दिसायला लागतो.

आज संध्याकाळी वाचनालयात तिचा सत्कार होता. फ्लेक्स चौकात लागला होता, 'शरच्चंद्र सरांच्या कन्येचा नागरी सत्कार'. कन्येचं नाव खाली, बारीक अक्षरात.

सत्कारात सर काय बोलणार हे गावाला आधीच माहीत होतं. इतिहास शिकवता शिकवता त्यांनी एक ग्रीक गोष्ट पिढ्यानपिढ्यांना ऐकवली होती. देवांचा राजा झ्यूस, त्याचं एकदा डोकं दुखायला लागलं. असं दुखलं, की त्यानं लोहार देवाला बोलावून डोक्यावर कुऱ्हाडीचा घाव घालून घेतला. आणि त्या फटीतून शिरस्त्राण, भाला, ढाल, सगळ्या शस्त्रांनिशी एक मुलगी उडी मारून बाहेर आली. अथेना. बुद्धीची देवी आणि युद्धाचीही. दुसरा एक युद्धाचा देव होता, पण तो नुसता रक्ताला चटावलेला. ही डोक्यानं लढायची, आणि म्हणून जिंकायची. एवढं सांगून झालं की सर इराच्या डोक्यावर टिचकी मारत. "ही माझी अथेना. थेट इथून निघाली." आणि स्वतःच्या कपाळाला बोट लावत. पाहुणे हसत. बहुधा तेवढ्यात वासंतीबाई चहाचा ट्रे घेऊन येत.

गोष्टीतल्या दोन जागा सर नेहमी गाळत. एक घुबड. अथेनाच्या खांद्यावर घुबड बसतं, पण एकदा वर्गात ते सांगितल्यावर एका मुलीची आजी शाळेत भांडायला आली होती, की घुबडाचं नाव पोरींपुढं घेता कसं. तेव्हापासून लोकांना पचेल तेवढंच सांगायचं, असा सरांचा नियम झाला. दुसरी गाळलेली जागा म्हणजे आई.

ती इराला कॉलेजात असताना एका पुस्तकात सापडली होती.

नाश्त्याला सगळे बसल्यावर तिनं विषय काढला. "बाबा, आज गोष्ट सांगाल ती पूर्ण सांगा. अथेनाला आई होती."

"मेटिस," सर पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाले. "माहीत आहे मला."

"सगळ्या देवांत शहाणी. तिचं मूल आपल्याला भारी पडेल म्हणून झ्यूसनं तिला गोड बोलून गिळून टाकलं. त्यानंतर ती त्याच्या आत बसून त्याला सल्ले देत राहिली. मुलगी तिची होती."

"सत्काराच्या भाषणात हे बसत नाही, इरा. लोकांना डोकं आणि कुऱ्हाड आवडते."

"तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन. माझ्या भाषणात. आणि झ्यूस कोण आणि मेटिस कोण, तेही सांगेन."

सरांनी लिंबाची फोड ताटलीत ठेवली. त्यांचा चेहरा उतरला होता. ते काही वाईट माणूस नव्हते, हे इथं सांगितलं पाहिजे. आपण रात्रभर विचार करतो, यावर त्यांचा खरंच विश्वास होता. पोहे अर्धे टाकून ते उठले.

वासंतीबाई इतका वेळ मेथी निवडत होत्या. सर गेल्यावर त्या बोलल्या. नवऱ्यासमोर त्या पुस्तकी मराठी बोलत. लग्नानंतर सरांनी त्यांचं पहिल्यांदा काही सुधारलं असेल तर ते 'मले'. लेकीजवळ मात्र माहेरची, पिंपळगाव राजा गावची बोली परत येई.

"ते मेटिस का कोण, आत बसून बोले तं लोकांले ऐकू जाय का?"

"नाही. फक्त त्याला."

"हं." त्यांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. "भर सभेत बापाले खाली पाहाले लावशीन, तं मी येत नाही तिथं. आताच सांगून ठेवते."

"मग तू अशीच राहा आत बसून!"

इराचा आवाज चढला होता आणि डोळे भरले होते. तिला आईचा राग आला होता, बापापेक्षा जास्त. आईचं नाव एकदा, फक्त एकदा, सगळ्यांसमोर घेतलं जावं, एवढंच तिला हवं होतं. आणि जिच्यासाठी भांडायचं तीच वाट अडवून बसली होती.

"तू बोलू नोको आज," वासंतीबाई म्हणाल्या. "आभार मान अन् बस. माह्यं ऐक एवढं."

दुपारी सरांच्या जाकिटाचं बटण तुटलेलं निघालं. वासंतीबाई दारापाशी उजेडात बसून ते लावत होत्या. सर येरझाऱ्या घालत भाषण म्हणून बघत होते.

"अहो, आधी माणिकराव बोलणार ना? अध्यक्ष म्हणून?"

"हो. का?"

"काही नाही. तेही तुमचेच विद्यार्थी. ती कुऱ्हाडीची गोष्ट त्यांनाही पाठ असेल."

सर थांबले.

"सांगणार नाहीत म्हणा ते," वासंतीबाईंनी दोरा दातांनी तोडला. "आणि सांगितली तरी तुम्हाला काय. तुमच्याजवळ असं काहीतरी असेलच, जे चिखलीत दुसऱ्या कोणाला माहीत नाही."

त्यांनी जाकीट झटकून हँगरला लावलं आणि त्या दळण आणायला गेल्या.

संध्याकाळी वाचनालयाचा हॉल भरला. वासंतीबाई आल्या, तिसऱ्या रांगेत बायकांत बसल्या. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलानं माइकवरून पुकारलं, "आता सरांच्या मिसेस यांची ओटी भरण्यात येईल, मिसेसनी कृपया वर यावं." त्या वर गेल्या, खण-नारळ पदरात घेतला आणि परत जागेवर येऊन बसल्या. व्यासपीठावर खुर्च्या तीनच होत्या, अध्यक्षांची, सरांची आणि इराची.

माणिकराव बोलायला उभे राहिले. ते अडत व्यापारी, भाषणाची फारशी सवय नाही. चार वाक्यं झाल्यावर त्यांनी खिशातून रुमाल काढून कपाळ टिपलं आणि म्हणाले, "सरांनी आम्हाला शाळेत एक गोष्ट सांगितली होती. ग्रीक लोकांचा एक इंद्र होता, त्याचं डोकं दुखे." आणि त्यांनी सगळी गोष्ट सांगून टाकली. कुऱ्हाड विसरले, मग आठवली, मग परत मागे जाऊन घातली. लोक खूष झाले. सरांचा हात जाकिटाच्या वरच्या बटणाशी गेला आणि तिथंच राहिला.

इरा बापाकडे बघत होती. आता यांच्याजवळ काय उरलं, असं तिला वाटलं, आणि सकाळचा सगळा राग असूनही तिला त्यांची कीव आली.

सर माइकसमोर गेले.

"माणिकरावांनी गोष्ट सांगितली," ते म्हणाले, "पण ती अर्धी आहे. त्यांचा दोष नाही. मीच अर्धी शिकवली. त्या मुलीला आई होती."

सरांनी मेटिस सांगितली. तिचं शहाणपण सांगितलं, गिळणं सांगितलं, आतून बोलणंही सांगितलं. ते चांगले वक्ते होतेच. "लोक मला म्हणतात, सर, तुमची मुलगी तुमच्या डोक्यातून निघाली. खोटं आहे ते. इराच्या आईचं नाव वासंती. ही मुलगी वासंतीची आहे."

आधी एक बाई टाळ्या वाजवायला लागली, मग सगळा हॉल. इराला समोरचं नीट दिसेनासं झालं. तिनं लिहून आणलेला कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि तिची पाळी आली तेव्हा आभार मानून खाली बसली. घुबड मात्र सरांनी याही वेळी गाळलं होतं.

तिसऱ्या रांगेत शेजारच्या रुखमाबाई वाकून म्हणाल्या, "वासंती नाव हाय का तुमचं? इतकी वर्सं भिंतीले भिंत, मले मालूमच नव्हतं." वासंतीबाई हसल्या. पदरातला नारळ त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

बाहेर पडताना शालिग्राम गर्दीतून वाट काढत आला. "सर, झालं काम! दुपारी मायनं वाढता वाढता इचारलं, अन् भाऊ सोताच म्हणे, दोन तास तू घेत जाय सकाळी. त्यालेच सुचलं म्हणते. आता साऱ्या गावाले सांगून राह्यला." सर मोठ्यानं हसले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

घरी आल्यावर सर शाल खांद्यावर तशीच ठेवून व्हरांड्यात टेकले. चेहऱ्यावर थकवा होता, पण सुखाचा.

"इरा, खरं सांगू? ते मेटिसचं मी ठरवलं नव्हतं. सकाळी तू म्हणालीस तेव्हा मला पटलंच नव्हतं. माणिकरावांनी गोष्ट संपवली आणि एकदम सुचलं. भाषण असंच असतं बघ. आतून यावं लागतं."

इरानं त्यांच्याकडे बघितलं. दुपारी बटण लावत असताना ती शेजारच्याच खोलीत होती. तिला सगळं ऐकू आलं होतं, पण तेव्हा तिला ते नुसतं बटण वाटलं होतं. चौकटीत आई उभी होती, हातात खण आणि नारळ.

"छान सुचलं, बाबा," इरा म्हणाली.

अगदी सहज म्हणाली. आवाजात कुठं टोक नव्हतं. सर समाधानानं मान मागे टेकून बसले.

आत आल्यावर तिनं दार लोटलं. "माणिकरावांना तू सांगितलंस?"

"मी कायले सांगू? त्याहीच्या बायकोले म्हटलं परवा दळणाच्या रांगेत, का सरांची ती गोष्ट लई चांगली हाय, कोणं तरी सांगाले पाहिजे."

"परवा? मी तर आज सकाळी बोलले."

"तू आज बोलली. तुह्या पुस्तकातली ते आई मले कवाचीच मालूम हाय." वासंतीबाईंनी नारळ देवापुढं ठेवला. मग त्या पाटावर बसल्या. "मले एकदा ऐकाचं होतं. तुह्या बाबाच्या तोंडून, समद्या लोकांत. कसं का होईना."

"आणि त्यांना वाटतं, त्यांनाच सुचलं. तुला वाईट नाही वाटत?"

"वाटते ना. काऊन नाही वाटणार?"

इरा त्यांच्याजवळ खाली बसली. वासंतीबाईंनी तिच्या हाताला हात लावला, आणि मग बराच वेळ त्या तिच्या तोंडाकडेच बघत राहिल्या. सकाळपासून त्या पहिल्यांदा घाबरल्यासारख्या दिसत होत्या.

"आता बाहेर म्हणाली ना तू, छान सुचलं, बाबा. अशी म्हणाली का मलेच वाटलं मी बोलली." त्यांचा आवाज खाली आला. "माह्यं बाकी समदं घे, पोरी. ते नोको घेऊ."

बाहेरून सरांनी चहासाठी हाक मारली. दोघींपैकी कोणीही लगेच उठलं नाही.