माग चालला, अप्पा बसले

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. पँटचा नव्हे हं, मनगटाचा! माणसाची पावलं मोजणारा. लोक मला फिटनेस बँड म्हणतात. माझी काच कोपऱ्यात तडकली आहे, आणि रबर तुटल्यावर श्रीदेवीकाकूंनी टॉवेलची किनार शिवून मला नवा बंद लावला आहे. असा सोलापुरी थाट माझ्या भावंडांपैकी कुणाच्याच नशिबी नसेल.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. जन्मलो तसा डब्यात गेलो आणि किती तरी दिवस गोदामातल्या अंधारात पडून राहिलो. तिथून मला सोडवलं महेश्वरीताईंनी. त्या पुण्यात नोकरी करतात. त्यांचे वडील मृत्युंजयअप्पा जुळे सोलापुरात राहतात, आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा लहानसा कारखाना आहे. अप्पांचं पोट सुटलेलं, साखर वाढलेली, आणि जिना चढताना धाप अशी की शेजारी दार उघडून बघायचे.

पण अप्पांचं खरं दुखणं निराळंच होतं. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज निघतात. ती उंच, जड काठी कमरेच्या बळावर तोलत चालायचं म्हणजे खायचं काम नाही. अप्पांनी तरुणपणापासून ती धरली होती. गेली काही वर्षं मात्र धाप लागते म्हणून ते रस्त्याच्या कडेला उभे राहून नुसते हात जोडत आणि घरी येऊन कुणाशी बोलत नसत. डॉक्टरांनी बजावलं होतं, वजन उतरल्याशिवाय काठीला हात लावायचा नाही. म्हणून ताईंनी मला विकत घेऊन अप्पांच्या मनगटावर बांधलं. अप्पांच्या पत्नी श्रीदेवीकाकू डॉक्टरांच्याही वरताण. त्या म्हणाल्या, "पोरगी पट्टा बघून हो म्हणेल, तेव्हाच मी तुमची यात्रेत घालायची बाराबंदी ट्रंकेतून काढीन."

अप्पांच्या हातावर मी जे मोजत असे, ते पुण्यात ताईंच्या फोनवर दिसे. पहिले दिवस फार छान गेले. अप्पा कॉलनीत फेऱ्या मारत, जो भेटेल त्याला मला दाखवत. रोजची ठरलेली पावलं पूर्ण झाली की मी थरथरायचो, आणि अप्पा लहान मुलासारखे खूश व्हायचे. मग दिवाळीआधी टॉवेलची मोठी ऑर्डर आली. पाय खुर्चीखाली गेले, पुढ्यात चहा आला, आणि ताईंचा रोज फोन, "अप्पा, आज चालला नाहीत?"

आता पुढचं ऐकून हसू नका. अप्पांनी एक दिवस मला सोडलं आणि चक्क मागाला बांधलं! मागाचा जो दांडा पुढेमागे हलून धागा ठोकतो, त्याला. तिप्पण्णा म्हणजे त्यांचे जुने कारागीर. ते बघतच राहिले.

"मालक, मागाला राखी बांधायलाव व्हय?"

"गप की रे! दिवसभर चालतोय त्योच. जरा माझ्या नावावर चालला तर काय बिघडलं?"

माग खटखट चालला, अप्पा बसले. मला काय कळणार, मित्रांनो! हलवलं की मोजायचं, एवढंच माझं काम. कापसाचा भुगा आणि तेल खात मी मोजत सुटलो. पुण्यात ताईंचा आनंद गगनात मावेना. त्यांनी आईला कळवलं आणि काकूंनी बाराबंदी काढून धुतली, इस्त्री केली.

एके दुपारी अप्पा कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात होते. ताईंचा व्हिडिओ कॉल आला.

"अप्पा, तुम्ही जेवताय ना? मग इथे आकडा कसा वाढतोय?"

अप्पांचा घास तोंडातच राहिला.

"आणि तुमचं मनगट रिकामं आहे. अप्पा, पट्टा कुठंय?"

मागे माग खटखटतच होता, आणि त्याच्या दांड्यावर मी दिसत होतो. ताईंना सगळं कळलं. त्या ओरडल्या नाहीत, रडल्या. "मी आईला सांगून बसले की अप्पा सुधारले. तुम्ही काठी घेऊन गर्दीत कोसळला असता, तर मी इथे बसून काय बघितलं असतं?"

त्या संध्याकाळी अप्पांनी घरी येऊन स्वतःच सगळं सांगितलं. काकूंनी इस्त्रीची बाराबंदी पुन्हा ट्रंकेत ठेवली. मागाच्या झटक्यांनी माझं रबर तुटलं होतं. काकूंनी माझ्यावरचं तेल पुसलं आणि किनारीचा बंद शिवला. मित्रांनो, ते टाके मी कधी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू दारात चप्पल घालून उभ्या. "चला."

"तू कशाला? तुझे गुडघे दुखतात की."

"एकटं सोडलं तर पट्टा रिक्षाच्या चाकाला बांधाल तुम्ही!"

तेव्हापासून दोघं रोज निघू लागले. थंडी असो, कंटाळा असो, काकू पुढे आणि अप्पा मागे. ताटातल्या भाकऱ्या कमी झाल्या, चहातली साखर गेली. सुरुवातीला आकडे इतके कमी यायचे की माझीच मान खाली जायची. पण ते अप्पांचे होते. हळूहळू जिन्यावरची धाप गेली. डॉक्टरांनी मान डोलावली, ताईंनी हो म्हटलं, आणि बाराबंदी बाहेर आली. ती अप्पांना सैल होत होती!

संक्रांतीच्या यात्रेला निघताना अप्पांनी मला मनगटावरून सोडलं. मी मनात म्हटलं, पुन्हा कुठे बांधतात आता? त्यांनी मला काकूंच्या हातावर बांधलं.

"अहो, मला कशाला?"

"माझ्याबरोबर रोज तूही चाललीस. तुझं कुणी मोजलंच नाही की."

'हर्र बोला हर्र'चा गजर झाला. अप्पांनी आपल्या पाळीला नंदीध्वज तोलला, आणि काकू गर्दीतून सगळी वाट चालल्या. मध्येच मी थरथरलो, तेव्हा त्या माझ्याकडे बघून चक्क लाजल्या. रात्री पुण्याहून फोन आला. "अप्पा, आजचा आकडा केवढा! परत मागाला बांधलंत की काय?"

"न्हाय गं," अप्पा म्हणाले, "आज तुझी आई चालली."

मी अजून काकूंच्याच हातावर आहे. चार्जिंग लवकर उतरतं, पण मला टाकून द्यायचा विषय या घरात कुणी काढत नाही. या माणसांचे माझ्यावर फार उपकार आहेत. मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद कपाटात पडला असेल, तर त्याला पुसून चार्जिंगला लावा. आणि आई-वडिलांना नुसतं "चाला, चाला" म्हणू नका. आधी तुम्ही चप्पल घाला आणि दारात उभे राहा.