जयवंतेची गूळतुला

मी एक जुना तराजू आहे, मित्रांनो. पातूरच्या लोहाराने मला घडवलं आणि नांदगाव खंडेश्वरजवळच्या खुशालरावांच्या घरी मी जन्मभर कापूस तोलला. खोटं सांगणं माझ्या दांडीत नाही. पण खरं सांगणाऱ्याला सगळंच कळतं असं नाही, हे मला एका पोरीने शिकवलं.

ती खुशालरावांची नात, जयवंता. जन्मली तेव्हा जगते की मरते अशी. आजोबांनी नवस बोलला, "देवा, पोर जगू दे. दरसाल तिच्या भारंभार गूळ वाटीन." पोर जगली! दर वर्षी ती एका पारड्यात बसे, दुसऱ्यात गुळाच्या भेल्या चढत. एखादी भेली वाढली की गाव टाळ्या वाजवी आणि आजोबा तिच्या ताटात तुपाची धार वाढवीत. एकोणीसशे अठ्ठावन्न साली, आठव्या वर्षी, ती मणापुढे गेली. मीही फुशारलो होतो, उगाच लपवू कशाला?

त्याच वर्षी ती दोन पावलं चालली की धापा टाकू लागली. मानेवर काळा पट्टा आला. आई कौशल्येने वज्रीने मान घासून लाल केली, पण मळ निघेना. अमरावतीहून डॉक्टर कमलाकांत आले. "हा मळ नाही बाई, वाढलेल्या वजनाची खूण आहे. घासू नका," म्हणाले. मग जयवंतेच्या उजव्या बरगडीखाली चार बोटं दाबून त्यांनी तिला श्वास घ्यायला सांगितलं. यकृत वाढलं होतं. त्यात चरबी साठली असावी, असं ते म्हणाले.

अबब! मी सबंध पोर उचलली होती, तरी मला जे कळलं नाही ते चार बोटांना कळलं.

"थे पुन्हा जाग्यावर जाईन का?" कौशल्येने विचारलं.

"यकृत मोठं गुणी असतं. गूळतूप आवरा, पोरीला खेळू द्या."

आजोबा भडकले. "भार कमी झाला त नवस मोडते! देवानं पोर परत नेली त?"

सासऱ्यापुढे कधी न बोललेली कौशल्या दाराआडून म्हणाली, "मामाजी, पोर जगू दे म्हनलं होतं तुमी. जाड होऊ दे म्हनलं होतं का?"

म्हाताऱ्याने तुपाचं भांडं स्वतःच उंच फळीवर नेऊन ठेवलं.

मग भाकर, अंबाडीची भाजी, पातळ ताक आणि दिवसभर लगोरी. वर्षाने डॉक्टरांनी पुन्हा बोटं दाबली, तर हाताला काही लागेना! ना चाकू, ना टाका. यकृत आपलं आपण आवरून निमूट बरगडीखाली गेलं होतं. मी जन्मभर ओझी पाहिली मित्रांनो, पण असं काम कुठे पाहिलं नाही.

तुलेच्या दिवशी गेल्या वर्षीच्या भेल्या रचल्या. जयवंता बसली, तिचं पारडं वरच. खुशालरावांनी एक भेली काढली. मग दुसरी. तिसरी काढली तशी माझी दांडी सरळ झाली आणि त्यांना रडू फुटलं. काढलेल्या भेल्या उचलून ते ओरडले, "पाहा रे, एवढी बरी झाली मायी नात!"

मी आता गंजलो. भार विचाराल तर आजही खरा सांगीन. पण लेकरू बरं आहे का, हे मला विचारू नका, मित्रांनो. त्याला पळताना पाहा.