अठ्ठ्याण्णव अंश

कैलास सरांनी तिसऱ्यांदा पाणी उकळायला ठेवलं, शाळेतून आणलेला दुसरा थर्मामीटर त्यात धरला आणि चष्मा कपाळावर सारून पारा बघितला. अठ्ठ्याण्णव.

"आता चहा तरी टाका त्यात," अनसूयाबाई म्हणाल्या. "सकाळपासनं नुसता गॅस जाळताय."

सरांचं बायकोकडे लक्ष नव्हतं. ओट्यावर नववीतल्या प्रियदर्शिनीची प्रयोगवही उघडी होती. पाण्याच्या उत्कलनांकापुढे शंभर लिहिलेलं, आणि त्याखाली कागद विरेपर्यंत खोडलेलं अठ्ठ्याण्णव. गेल्या आठवड्यात ते खोडायला सरांनीच लावलं होतं, भर वर्गात.

"पारा वाचता येत नाही आणि म्हणे सायन्सला जायचंय!"

वर्ग खो खो हसला होता. प्रश्न विचारून भंडावून सोडणारी ती पोरगी तेव्हापासून गप्प झाली. दहावीनंतर आर्ट्सच घेणार, असंही तिनं कालच मैत्रिणींना सांगून टाकलं होतं, सरांना ऐकू जाईल असं.

उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं, हे सर वीस वर्षं शिकवत होते. कोळवण खोऱ्यातली आपली शाळाही समुद्रापासून जवळजवळ सहाशे मीटर उंच आहे, हे मात्र कधी त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ते वर्गात शिरले आणि हजेरीही न घेता बोलले.

"गेल्या आठवड्यात प्रियदर्शिनी बरोबर होती. चुकलो मी. शंभर अंश समुद्रकाठी, आपल्याकडे अठ्ठ्याण्णव. आता खरं सांगा, तुम्हाला किती दिसलं होतं?"

 मागच्या बाकावरचा ओम उठला.

"अठ्ठ्याण्णवच, सर. पन पुस्तकात शंभर हाय, म्हनून शंभर लिवलं."

मग एकेक हात वर होत गेला. चाळीस पोरांनी अठ्ठ्याण्णव बघून शंभर लिहिलं होतं. आणि अशा शंभरांवर सर दरवर्षी बरोबरची खूण करत आले होते.

त्यांनी वही प्रियदर्शिनीपुढे ठेवली, वर आपलं पेन ठेवलं.

"पेनानं लिही. आणि पोरी, तुझे लई उपकार झाले माझ्यावर."

तिनं विरलेल्या जागेशेजारी अठ्ठ्याण्णव लिहिलं, पेन परत केलं.  सर फळ्याकडे वळले.

"सर."

सरांच्या हातातला खडू तसाच राहिला.

"मग तिकोना किल्ल्यावर किती येईल, वो?"

उत्तर सरांच्या ओठांवर होतं. ते त्यांनी गिळलं.

"मला काय माहीत? रविवारी सगळेच जाऊ वर. मी पाणी आणतो," ते म्हणाले. "पण पारा तू वाचायचा."